दळवी मॅडमच्या हिरवळीवरची चूल

गेल्या महिन्यात व्हिडिओ कॉलवर माझ्या नातीने, रेवाने, मला विचारलं, "आजी, फ्लॅग्रंट म्हणजे काय?" तिकडे मेलबर्नला तिच्या शाळेत शब्दांची परीक्षा होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात धाकटा ईशान मध्ये घुसला आणि आपला पडलेला दात त्याने कॅमेऱ्याला चिकटवला. पुढचा सगळा वेळ मी त्या दाताशी बोलले. शब्द राहूनच गेला.

त्याच आठवड्यात आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकाच्या संपादिकाबाई फाटकात उभ्या. "काकू, तुमच्या कामाचे अनुभव लिहून द्या. आठवणी नकोत हं, अनुभव." दोन्हींत फरक काय, हे मी विचारलं नाही. म्हटलं, एकदाच नीट लिहावं, बाईंनाही द्यावं आणि मेलबर्नलाही धाडावं. रेवा आणि ईशान, तुमची आई वाचून दाखवेल. ती मध्ये मध्ये हसून थांबली, तर तिला दटावा.

आधी माझं काम काय होतं ते सांगते. लोणावळ्यात आमच्या तुंगार्लीच्या बाजूला बंगले पुष्कळ आणि त्यांत राहणारी माणसं थोडी. मालक मुंबईत नाहीतर पुण्यात, महिन्या-दोन महिन्यांतून एकदा येणार. एरवी आवाराच्या मागच्या खोल्यांत माळी कुटुंबासह राहतो आणि बंगला राखतो. पण माळ्यावर लक्ष कोण ठेवणार? ती मी. माझ्या ओसरीच्या भिंतीवर एक फळी होती, फळीवर खिळे, खिळ्यांवर किल्ल्या आणि प्रत्येक किल्लीला बंगल्याच्या नावाची चिठ्ठी. वीजबिल भरणं, गळती बघणं, मालक यायच्या आधी चादरी बदलून घेणं आणि मालकांना स्वच्छ इंग्रजीत सगळं कळवणं, हा माझा व्यवसाय. इंग्रजी घेऊन बी. ए. झाल्याचा मला झालेला हा सर्वांत ठोस उपयोग.

या धंद्यातला मूळ प्रश्न बुरशी. आमच्याकडे पावसाळ्यात ऊन नावाची वस्तू मिळत नाही. एका मालकांना सोफ्याखाली मांजराची दोन राखाडी पिल्लं दिसली म्हणून त्यांनी हौसेने दूध मागवलं. ते त्यांचे स्वतःचे बूट होते.

मालकही एकेक. एक बाई दर गुरुवारी मुंबईहून फोन करून आपल्या बाल्कनीतल्या पामच्या झाडाशी बोलत असत. फोन झाडापाशी धरून उभं राहणं हे माझं काम. बोलणं संपलं की त्या मला विचारायच्या, "काही म्हणाला का?" मी म्हणायची, "बरा आहे. पाणी जरा जास्त होतंय म्हणतो." माळी पाणी जास्त घालायचा हे मला माहीत होतं. झाडाच्या तोंडून सांगितलं तर कुणालाच वाईट वाटत नाही.

आता रेवाचा शब्द. बंगल्यांच्या धंद्यात गैरप्रकार असायचेच. मालकाच्या गॅसवर भजी तळणं हा लहान. शनिवार-रविवार बंगला परस्पर पर्यटकांना देणं हा मोठा. पण फ्लॅग्रंट काय असतं, ते मला पहिल्यांदा एका माकडाने शिकवलं. मी कुलूप काढून आत गेले तर साहेब जेवणाच्या टेबलावर बसलेले, मांडीत जॅमची बाटली. मला बघून ते पळाले नाहीत. माझ्या डोळ्यांत डोळे घालून त्यांनी बोट बाटलीत बुडवलं, चाटलं आणि पुन्हा बुडवलं. लपूनछपून घेतली तर ती नुसती चोरी. अशी, समोरच्याच्या डोळ्यांदेखत, लाजलज्जा गुंडाळून ठेवून केली तर ती फ्लॅग्रंट.

शब्द मूळचा लॅटिनमधला. त्या भाषेत त्याचा अर्थ जळणारं, पेटलेलं. इंग्रजीतही आधी तो खऱ्याखुऱ्या ज्वाळांसाठीच वापरत. जुन्या कायद्याच्या भाषेत गुन्हेगार 'गुन्हा पेटलेला असतानाच' सापडला असं म्हणत, म्हणजे आग विझायच्या आत, राखेवरून माग काढावा लागायच्या आत. तिथून तो शब्द डोळ्यांवर येणाऱ्या कुठल्याही दुष्कृत्याला चिकटला. आपल्याला हे परकं वाटायला नको. आपल्याकडेही चूल धडधडते आणि खोटंही धडधडीत असतं.

पण शब्दकोशात अर्थ वाचणं वेगळं आणि तो ज्वाळांसकट बघायला मिळणं वेगळं. तो मला दळवी मॅडमच्या हिरवळीवर बघायला मिळाला.

दळवी मॅडम मुंबईला कस्टम्समध्ये अधिकारी होत्या. विमानतळावर लोकांच्या बॅगा, बूट आणि चेहरे तपासण्यात जन्म गेला. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर तुंगार्लीचा बंगला घेतला आणि सगळी माया लावली ती समोरच्या हिरवळीला. तिच्यावर चप्पल घालून चालायचं नाही. अनवाणी चालायचं तर पाय धुऊन. कडेचं गवत त्यांचा माळी किसन ओव्हाळ कात्रीने कापायचा, न्हाव्यासारखा मान तिरकी करून. किसनभाऊ मूळचा कार्ल्याकडचा. बायको आणि दोन मुलींसह मागच्या दोन खोल्यांत राहायचा. त्याला तिथे मीच लावलं होतं.

त्या रविवारी सकाळी मॅडमचा फोन आला.

"शालिनीताई, माझ्या मोबाइलवर बंगल्याचा कॅमेरा दिसतो ना, त्यात झेंडू दिसतोय."

"वा! म्हणजे बहर आला."

"बहर नाही. फक्त झेंडू. अख्खा पडदा झेंडू. हलतोय."

"वारा असेल."

"आणि झेंडूच्या मागून कोणीतरी 'हॅलो, माइक टेस्टिंग' म्हणतंय."

मी फोन कानाशी धरूनच चपला शोधू लागले.

"मी निघालेय," त्या म्हणाल्या. "खालापूरच्या टोलनाक्यावर आहे."

मी पायांत चपला सरकवल्या आणि निघाले. रविवारी घाटात गाड्या तुंबतात. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्या तुंबण्यासाठी प्रार्थना करत चालले होते.

फाटकातून आत शिरले आणि थबकले. हिरवळीवर मांडव. मांडवात पांढऱ्याशुभ्र कपड्यांतली माणसंच माणसं. पोर्चमध्ये व्यासपीठ, त्यावर बुद्धमूर्ती, शेजारी तसबीर, फुलं, मेणबत्त्या. व्यासपीठासमोर मॅडमचा दिवाणखान्यातला मोरपिशी सोफा. आणि हिरवळीच्या बरोब्बर मध्ये, जिथे किसनभाऊ मलाही पाऊल टाकू द्यायचा नाही, तिथे खड्डा खणून केलेली चूल. तिच्यावर भलीमोठी कढई, आणि एक आचारी फुंकणीने जाळ वाढवतोय.

"किसनभाऊ!"

तो आला. पांढरा सदरा, पांढरी टोपी, चेहऱ्यावर मुलीच्या बापाचं हसू.

"या मावशी, या! प्रज्ञाचा साखरपुडा हाय. तुमाला बोलवाया येनारच व्हतो."

"कधी? बारशाला? मॅडम येतायत!"

तो कांद्याच्या पोत्यावर बसला. "कुटवर आल्यात?"

"घाटात."

"पर त्या तर म्हैना सरताना येत्यात."

"त्यांच्या कॅमेऱ्यावर तोरण कोणी बांधलं?"

"मीच. तितं वाकडा खिळा हाय न्हवं, तोरन झ्याक अडाकतं."

"अरे, तोच कॅमेरा!"

किसनभाऊने वर पाहिलं. बाग त्याची, पाइप त्याचे, पण कॅमेऱ्याकडे त्याने इतक्या दिवसांत कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. मला तिथेच हसू फुटलं. प्रसंग रडण्याचा होता आणि मी तोंडाला पदर लावून हसत होते.

मग त्याने भराभर सांगितलं. मुलगा इंदुरीचा, तळेगावच्या कारखान्यात कामाला. प्रज्ञाने आणि त्याने एकमेकांना पसंत केलेलं. मुलाचे आजोबा, आबा, घरातले कर्ते. त्यांची एकच अट, साखरपुडा मुलीच्या दारातच झाला पाहिजे, ही रीत.

"आता माजं दार कुटंय ते तुमाला ठावंच हाय. दारात धा मान्सं हुबी राह्यली तर अकरावा आंब्यावर. म्हनलं, खुर्च्या तेवढ्या हिरवळीच्या कडंला मांडू. मंग पाव्हनं वाढलं. मंग आचारी म्हनला, मागं वारं लय लागतंय…"

"आणि आबांना काय सांगितलंस?"

"काय न्हाई. ते म्हनलं, मालकीन लय मोठ्या मनाची दिसती. मी गप राह्यलो." त्याने टोपी काढून पुन्हा घातली. "आबा लय कडक हाय, मावशी. आदीचं एक स्थळ त्यानं येवढ्याशा खोट्यापायी मोडलं. मॅडम हितं वरडल्या, तर माजी नोकरी जाऊ द्या, खोल्या जाऊ द्या, पोरीचं जमल्यालं मोडंल."

व्यासपीठामागून प्रज्ञा बघत होती. पांढरी साडी, केसांत मोगरा. तिला ऐकू येत नव्हतं, पण बापाची टोपी काढून पुन्हा घातलेली तिने पाहिली होती.

मी म्हटलं, "मी फाटकात थांबते. मॅडमना बाजूला घेऊन समजावते. तू कार्य उरकून घे."

बेत उत्तम होता. त्यात बबन नव्हता, एवढीच चूक. बबन म्हणजे किसनभाऊचा मेहुणा. माइक त्याच्या हातात. आमच्या मावळात कुठल्याही कार्याला येणाऱ्या पाहुण्याचं माइकवरून नाव घेऊन स्वागत करायची पद्धत आहे. बबनने ती इतकी मनावर घेतली होती की पाण्याचे जार घेऊन आलेल्या टेम्पोवाल्याचाही सकाळी गुलाब देऊन सत्कार झाला होता. मोठी गाडी दिसली की 'आदरणीय', हे त्याचं सूत्र. मॅडमची गाडी फाटकात वळली तशी मी पुढे धावले, पण माझ्याआधी बबनचा आवाज पोहोचला.

"आणि आत्ताच! आपल्या या मंगलमय सोहळ्याला! मुंबईहून खास वेळात वेळ काढून! आदरणीय मॅडमसाहेब उपस्थित झालेल्या आहेत! त्यांचं मी हार्दिक, हार्दिक, हार्दिक स्वागत करतो! टाळ्या!"

टाळ्या झाल्या. स्वागताच्या दोन मुली धावल्या. मॅडमचं तोंड उघडलं होतं, पण त्यातून शब्द यायच्या आत एका हातात गुलाब, दुसऱ्या हातात पेढा आणि खांद्यावर शाल आली. अशा अवस्थेत माणसाला ओरडता येत नाही. करून बघा. बायकांच्या घोळक्याने त्यांना हाताला धरून थेट व्यासपीठासमोरच्या मोरपिशी सोफ्यावर, त्यांच्या स्वतःच्या सोफ्यावर, बसवलं.

"बसा मॅडम, लाजू नका," बबन माइकवरून म्हणाला. "आपलंच समजा."

मी शेजारी जाऊन बसले. मॅडमने पेढा माझ्या हातात दिला आणि दातांवर दात ठेवून म्हणाल्या, "शालिनीताई, धिस इज फ्लॅग्रंट."

नेमकं त्याच क्षणी आचाऱ्याने चुलीत वाळलेली झावळी सारली. ज्वाळा कढईच्या वर गेल्या. हिरवळीवर, भर सकाळी, धडधडत.

"हो मॅडम," मी म्हटलं, "अगदी मूळ अर्थाने."

मला गप्प बसता आलं असतं. पण इतकी वर्षं शब्दकोश उशाशी घेतलेल्या बाईला असा योग पुन्हा आला नसता. मॅडमने ज्वाळांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या ओठाचा एक कोपरा किंचित हलला आणि त्यांनी तो ताबडतोब जागेवर आणला. कस्टम्सचं शिक्षण.

"हे संपलं की मी माइक घेणार आहे," त्या म्हणाल्या. "दोन मिनिटं बोलणार. मग हे सगळे बाहेर."

त्यांनी म्हटलं म्हणजे त्या करणार, हे मला माहीत होतं. हसू कुठल्या कुठे गेलं. पुढच्याच खुर्चीत इंदुरीचे आबा बसले होते, काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून, सगळं बारकाईने बघत.

विधी चालवणारे बौद्धाचार्य उभे राहिले, तसा मांडव उभा राहिला. मुलांनो, बौद्ध घरांत शुभकार्याची सुरुवात पंचशीलाने होते. पाच वचनं. बौद्धाचार्य एकेक पालीत म्हणतात, सगळे त्यांच्यामागून म्हणतात. इथले बौद्धाचार्य प्रत्येक वचनाचा मराठी अर्थही सांगत होते, पोरांना कळावं म्हणून. मुलीचा बाप म्हणून किसनभाऊ व्यासपीठावर, हात जोडून, सगळ्यांकडे तोंड करून उभा. दळवी मॅडमही उठून उभ्या राहिल्या. रागावलेल्या असल्या तरी त्या रीत सोडणाऱ्या नव्हेत.

पहिलं वचन झालं, कुणाचा जीव घेणार नाही. सगळा मांडव एका सुरात.

बौद्धाचार्यांनी दुसऱ्याचा अर्थ सांगितला. "जे आपल्याला कुणी दिलेलं नाही, ते मी घेणार नाही." आणि पालीतलं वचन म्हटलं.

मांडव म्हणाला. किसनभाऊ म्हणाला नाही.

बौद्धाचार्यांना वाटलं, चुकून राहिलं. त्यांनी पुन्हा म्हटलं. किसनभाऊची नजर मॅडमच्या सोफ्यावरून चुलीवर गेली, चुलीभोवतीच्या करपलेल्या गवतावर गेली आणि तिथेच राहिली.

"म्हना, किसनभाऊ," बौद्धाचार्य हळूच म्हणाले.

"म्हनतो. वाईच थांबा."

कुणी खोकलं. बबनने माइक खाली घेतला. आबांनी काठीवरची हनुवटी उचलली. "काय झालं? बरं वाटंना व्हय?"

"तसं न्हाई, आबा." किसनभाऊने जोडलेले हात सोडले नाहीत. "बाकीची म्हनतो. ह्ये मला आज म्हनता येत न्हाई. कारन ही जागा हाय ना, ही मी…"

प्रज्ञाने डोळे मिटून घेतले. माझ्या मुठीत पेढ्याचा चुरा झाला होता.

"दिलं!"

आवाज एवढा मोठा होता की आचाऱ्याच्या हातून झारा पडला. दळवी मॅडम होत्या. शाल घसरलेली, गुलाब तलवारीसारखा वर धरलेला.

"मॅडम…" किसनभाऊ म्हणाला.

"दिलं म्हणतेय ना मी! हिरवळ दिली, सोफा दिला, पोर्च दिला. सगळं दिलं. सगळ्यांच्या देखत दिलं. आता म्हण!"

किसनभाऊने घसा साफ केला आणि दुसरं वचन म्हटलं. त्याला माइक लागला नाही. मग तिसरं, चौथं आणि पाचवं त्याने इतक्या जोरात म्हटलं की बौद्धाचार्यांनाच आपला आवाज चढवावा लागला. प्रज्ञा रडत होती आणि हसत होती, आणि तिला तसं बघून मीही दोन्ही करत होते. पाचवं संपलं तसा बबनला कंठ फुटला. "आदरणीय मॅडमसाहेबांनी आपल्याला सगळं दिलेलं आहे! टाळ्या!" काय दिलं हे त्याला कळलं नव्हतं, पण टाळ्या खऱ्या होत्या.

अंगठ्या झाल्या. पंगत बसली. आबा आपलं ताट घेऊन मुद्दाम मॅडमच्या शेजारी येऊन बसले. मी वाढत होते, कान तिकडे.

"बाई, एक इचारू? म्हंजी तवर दिल्यालं नव्हतं व्हय?"

मॅडमना खोटं बोलणं सोपं होतं. सोपं आणि पुण्याचं. त्यांनी जिलेबीचा तुकडा मोडला.

"नव्हतं," त्या म्हणाल्या.

आबांनी घास चावला. बराच वेळ चावला. माझ्या हातातला वरणाचा डाव तसाच अधांतरी.

"पर त्याला खोटं म्हनता आलं न्हाई."

"नाही आलं."

"मंग बास झालं," आबा म्हणाले. "पोरगी बापावर गेली आसंल, तर आमचं घर सुदारंल. ए, हिकडं बाईंना जिलबी वाढा!"

संध्याकाळी मांडव उतरला. सगळे गेल्यावर मॅडम आणि मी पायरीवर चहा घेत बसलो. हिरवळीच्या मध्ये मोठ्या परातीएवढा काळा डाग होता.

"नोकरीत मी माणसं पकडली ती बोलताना," मॅडम म्हणाल्या. "डोळ्यांत डोळे घालून काय काय बोलायचे लोक! गप्प राहून सापडलेला हा पहिलाच."

मी तेव्हा नुसते कप उचलले. आता सांगते, रेवा, परीक्षेला उपयोगी पडलं तर बघ. फ्लॅग्रंट वागणाऱ्या माणसाला आपल्या जाळाची लाज नसते, जशी त्या माकडाला नव्हती. किसनभाऊला ती भर मांडवात वाटली. त्यानंतर ती चूल नुसती चूल राहिली, आणि जिलेबी तर अप्रतिम होती.

हल्ली माझी फळी रिकामी आहे. बंगल्यांना आकडे दाबून उघडायची कुलपं आलीत आणि बुकिंग मोबाइलवर होतं. सगळं फार नीटनेटकं झालंय. नीटनेटकेपणावर माझं प्रेम असूनही मला त्यात करमत नाही. झाडाला फोन धरणारं कुणी उरलेलं नाही.

तर, साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम मुंबईला निघायच्या आधी मी तिथे गेले. किसनभाऊ किल्ल्यांचा जुडगा घेऊन पोर्चमध्ये उभा होता. मागे त्याच्या बायकोने बोचकी बांधायला घेतली होती. त्याने जुडगा टेबलावर ठेवला आणि मान खाली घातली.

"हे काय?" मॅडम म्हणाल्या.

"किल्ल्या, मॅडम. खोल्या चार दिवसांत खाली करतो."

"आणि डाग कोण भरणार? मी?" त्यांनी जुडगा उचलून त्याच्या हातात कोंबला. "नवी हिरवळ लाव. मागे बोचकी सोडायला सांग. आणि पुढच्या वेळी आधी विचारायचं, कळलं? म्हणजे मला नाही म्हणता येईल."

"व्हय मॅडम."

किसनभाऊ निघाला. चार पावलं गेला, थांबला, वळला.

"मॅडम, मग इचारतोच. लगीन बी मुलीच्या दारातच आसतंय…"

"नाही!" मॅडम कडाडल्या. मग त्यांनी त्या काळ्या डागाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कस्टम्सचं सगळं शिक्षण विसरून खो खो हसत पायरीवर बसल्या.

लग्न तिथेच झालं. चूल मात्र मागच्या अंगणात.